जुन्या ठाण्यात अडीचशे आसनांचे नाट्यगृह हवे: महापालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त व सर्व मा. नगरसेवक,
ठाणे महानगरपालिका, ठाणे

स. न. वि. वि.

मी नौपाड्यात राहते आणि हौशी व प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. माझ्या कामामुळे नाट्यगृहाकडे मी प्रेक्षकांच्या दाराने क्वचितच जाते. बहुतेक वेळा टेम्पोतून दिवे उतरवत, मागच्या दाराने जाते. त्या बाजूने पाहिलेल्या गोष्टींच्या आधारावर आपणांपुढे एक मागणी ठेवत आहे. ठाणे स्थानकापासून पायी पोहोचता येईल अशा जुन्या शहरात, म्हणजे नौपाडा, चरई, तलावपाळी, कोर्टनाका या परिसरात, सुमारे अडीचशे आसनांचे एक नाट्यगृह महापालिकेने उभे करावे. ते नव्या भूखंडावर न बांधता एखाद्या जुन्या सार्वजनिक वास्तूत, तिचे मूळ रूप राखून करावे. आणि त्याचा आराखडा खुर्च्यांच्या संख्येपासून किंवा दर्शनी भागापासून सुरू न करता रंगमंचापासून सुरू करावा.

मासुंदा तलावाच्या काठावर १९७८ साली उभे राहिलेले राम गणेश गडकरी रंगायतन हे ठाणेकरांच्या अभिमानाचे ठिकाण आहे, आणि नूतनीकरणानंतर २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले याचा आनंद मलाही तितकाच आहे. परंतु त्याची आसनक्षमता हजाराच्या घरातली आहे आणि ते व्यावसायिक नाटकांचे हक्काचे घर आहे. त्याच १९७८ साली, ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनी, जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झाले. वास्तुविशारद वेद सेगन यांनी आखलेल्या या नाट्यगृहात जेमतेम दोनशे प्रेक्षक बसतात, रंगमंच प्रेक्षकांत पुढे आलेला आहे आणि तीन बाजूंनी माणसे नटांच्या हाताच्या अंतरावर असतात. या दोन समवयस्क वास्तूंची तुलना करून एकीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. दोन्हींची कामे वेगळी आहेत, आणि ठाण्याच्या जुन्या शहरात त्यांपैकी एकच काम करणारी वास्तू आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात लघुप्रेक्षागृह आहे, त्याचा उपयोगही होतो. पण डोंबिवली, कल्याण, मुलुंडहून लोकलने येणारे कलावंत आणि प्रेक्षक यांच्यासाठी हिरानंदानी मेडोजमधली ती जागा सोयीची नाही. रात्री प्रयोग संपल्यावर घरी परतण्याच्या काळजीनेच कित्येक जण येण्याचे टाळतात.

हौशी संस्थेच्या प्रयोगाला दीडशे माणसे आली तर त्या संस्थेच्या दृष्टीने तो चांगला प्रयोग असतो. तीच दीडशे माणसे हजार खुर्च्यांत विखुरली की नटांना समोर रिकाम्या रांगा दिसतात, एका कोपऱ्यातला हशा दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि चांगले बसवलेले नाटकही पडल्यासारखे वाटते. भाड्याचा प्रश्न त्यानंतरचा. लहान नाटकाला लहान घर लागते, ते त्याच्या ऐपतीपेक्षा त्याच्या स्वभावामुळे लागते.

किती लहान, याचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे, आणि ते इतके नेमके आहे की आजच्या अभियंत्यापुढेही ठेवता येईल. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय संपूर्णपणे नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. त्यात विकृष्ट म्हणजे आयताकृती, चतुरस्र म्हणजे चौरस आणि त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी असे तीन आकार सांगितले आहेत आणि ज्येष्ठ, मध्यम, कनिष्ठ अशी तीन मापे दिली आहेत. माणसांसाठी यांपैकी मध्यम आयत, म्हणजे चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद मंडप, योग्य ठरवला आहे. त्याहून मोठा मंडप का नको याचे कारणही दिले आहे: फार मोठ्या जागेत पाठ्य, म्हणजे नटाचे बोलणे, विस्वर म्हणजे बेसूर होते आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव अस्पष्ट होतात. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर हा मंडप ९६ फूट लांब आणि ४८ फूट रुंद होतो. या लांबीचे दोन सारखे भाग करावेत, पुढचा अर्धा प्रेक्षकांना द्यावा, मागच्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करून एकात रंगमंच आणि दुसऱ्यात नेपथ्यगृह करावे, असा तो विधी आहे.

हे आकडे मी कागदावर मांडून पाहिले आणि त्यांचे आजच्या गरजांशी असलेले साम्य पाहून मला मनापासून आश्चर्य वाटले. प्रेक्षकांचा भाग ४८ फूट बाय ४८ फूट, म्हणजे सुमारे २,३०० चौरस फूट. येण्याजाण्याच्या वाटा धरून माणशी नऊ चौरस फूट जागा दिली, तर अडीचशे प्रेक्षक मोकळेपणाने बसतात. शेवटच्या रांगेचे रंगमंचापासूनचे अंतर पन्नास फुटांच्या आत, म्हणजे सुमारे पंधरा मीटर राहते. चेहऱ्यावरचे भाव वाचता येण्यासाठी वीस मीटर ही मर्यादा आजचे नाट्यगृहकार मानतात. रंगमंचासाठी ४८ फूट रुंदी आणि २४ फूट खोली मिळते, त्यात २४ फुटांची दर्शनी चौकट ठेवली तरी दोन्ही बाजूंना बारा-बारा फुटांच्या विंगा उरतात. मागे तेवढीच जागा रंगभूषा, वेशभूषा आणि सामानासाठी राहते. अर्धे घर प्रेक्षकांचे आणि अर्धे घर कलावंतांचे, ही ती वाटणी आहे. आज नाट्यगृहांच्या आराखड्यांत सर्वात आधी काटछाट होते ती याच दुसऱ्या अर्ध्याची, आणि म्हणून या पत्रात मी त्याबद्दल अधिक विस्ताराने लिहिणार आहे.

जुनी वास्तू आणि लहान नाट्यगृह यांचा मेळ कसा बसतो याचे देशातले उत्तम उदाहरण सिमल्याला आहे. तेथील गेइटी थिएटर १८८७ साली सुरू झाले. हेन्री अर्विन यांनी आखलेल्या टाऊन हॉलच्या मोठ्या संकुलाचा ते एक भाग होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या इमारतीचे वरचे मजले धोकादायक ठरले आणि उतरवावे लागले, परंतु नाट्यगृह टिकले. दगडी गॉथिक बांधणीच्या आत घोड्याच्या नालेसारखी वळत जाणारी लाकडी सज्ज्यांची रचना, त्यामुळे कुठूनही रंगमंच जवळच वाटावा असे छोटेखानी प्रेक्षागृह, आणि सुमारे तीनशे प्रेक्षक, एवढाच त्याचा पसारा आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे जतनकाम झाले तेव्हा पृथ्वी थिएटरचे वास्तुविशारद वेद सेगन यांचाच सल्ला घेण्यात आला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दगड, चुना आणि लाकूड जाणणारे जतनतज्ज्ञ आवश्यक आहेतच, पण त्यांच्या जोडीला रंगमंचाचे काम जाणणारा माणूस असेल तरच जतन झालेली वास्तू नाट्यगृह म्हणून पुन्हा जगते. नाहीतर तिचे सुंदर सभागृह होते, तेथे सत्कार आणि परिसंवाद होतात आणि नाटकवाले फिरकत नाहीत.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसची गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. १९०९ साली पायाभरणी झालेले आणि १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेले हे नाट्यगृह पुढे चित्रपटगृह झाले, नव्वदच्या दशकात बंद पडले आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जतन होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. जुन्या छायाचित्रांवरून मूळ सजावटीचा माग काढला गेला आणि मधल्या काळातली भर दूर करण्यात आली. वातानुकूलन आणि नवी यंत्रणा मात्र आजच्या काळाची बसवली. पुढच्या वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. ती वास्तू राजेशाही आहे आणि तेवढा खर्च ठाण्याने करावा असे मी म्हणत नाही. जुन्या भिंतींना धक्का न लावता आतली सोय नवी करता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले आहे.

आपल्याकडे अशी जागा कोणती, हा प्रश्न आपण विचाराल. कोर्टनाक्याजवळचा टाऊन हॉल ही ब्रिटिश अमदानीतली वास्तू आहे आणि तिच्याविषयी महापालिकेने जिल्हा प्रशासनाशी बोलणे सुरू करावे, असे मला वाटते. पण माझा आग्रह एकाच इमारतीसाठी नाही. महापालिकेच्या स्वतःच्या ताब्यात जुन्या शाळा आहेत, मंडयांवरचे मजले आहेत, वापर कमी झालेली सभागृहे आहेत. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जी चळवळ चालवली, तिने मराठी रंगभूमीला नवे लेखक, दिग्दर्शक आणि नट दिले. ती जागा नाट्यगृह म्हणून बांधलेली नव्हती, शाळेचे साधे सभागृह होते. पुढे ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेच्या इमारतीत गेली. म्हणजे शाळेच्या वास्तूतून प्रायोगिक रंगभूमी उभी राहते, हा अनुभव आपल्या शेजारच्या महानगराच्या गाठीशी आहे. ठाण्याच्या शाळांमध्ये अशी एखादी उंच छताची, जाड भिंतींची खोली असेल, तर ती शोधण्याचे काम महापालिकेच्या अभियंत्यांना काही आठवड्यांत करता येईल.

जुन्या इमारतीचा आग्रह मी भावनेपोटी धरत नाही. जाड दगडी किंवा विटांच्या भिंती रस्त्यावरचा आवाज अडवतात, आणि जुन्या ठाण्यातला रस्ता किती बोलतो हे आपणांस सांगायला नको. उंच छत असले की दिव्यांना योग्य कोन मिळतो. माझ्या कामात नटाच्या चेहऱ्यावर समोरून आणि वरून, साधारण पंचेचाळीस अंशांतून उजेड पडावा लागतो. छत चौदा फुटांचे असेल तर दिवा एकतर डोळ्यांत जातो किंवा मागच्या पडद्यावर नटाची मोठी सावली टाकतो. प्रेक्षकांच्या डोक्यावर, रंगमंचापासून पंधरा-वीस फुटांवर, दिवे टांगण्यासाठी लोखंडी बार आणि तेथपर्यंत सुरक्षित पोहोचण्यासाठी अरुंद का होईना पण कठडा असलेली वाट हवी. आज अनेक लहान सभागृहांत शिडी दोन खुर्च्यांच्या मध्ये टेकवून, खाली दोघांनी धरून, वर चढावे लागते. हे काम बहुधा विशी-बाविशीची मुले करतात, आणि त्यांच्या जिवाची काळजी आराखड्यातच घेतली गेली पाहिजे.

ध्वनीबाबत नाट्यशास्त्रात नाट्यमंडप ‘शैलगुहाकार’ असावा आणि ‘मन्दवातायनोपेतो निर्वातो धीरशब्दवान्’ असावा असे म्हटले आहे. डोंगरातल्या गुहेसारखा, लहान झरोक्यांचा, वारा न शिरणारा आणि आवाज गंभीर ठेवणारा. आजच्या भाषेत सांगायचे तर संवादप्रधान नाटकासाठी आवाज विरण्याचा काळ पाऊण ते एक सेकंद असावा. संगीत नाटकासाठी तो थोडा अधिक चालतो. त्याहून अधिक झाला की शब्द एकमेकांवर चढतात, फार कमी झाला की आवाज कापसात बोलल्यासारखा मेलेला येतो आणि नट ओरडू लागतात. यासाठी खोलीचे घनफळ आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागांचे प्रमाण आधी मोजावे लागते. माणशी तीन ते चार घनमीटर घनफळ हे नाटकासाठी चांगले माप मानतात. अडीचशे प्रेक्षकांना साडेसातशे ते हजार घनमीटर. सरसकट सगळ्या भिंतींवर जाळीचे फलक चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. मागची भिंत आवाज शोषणारी, बाजूच्या भिंतींचा पुढचा भाग आणि रंगमंचालगतचे छत तो परतवणारे, अशी वाटणी असेल तर अडीचशे माणसांच्या खोलीत माईकची गरज उरत नाही. माईकशिवाय नाटक ऐकण्याचा अनुभव ठाण्यातल्या तरुण प्रेक्षकांपैकी फार थोड्यांनी घेतला आहे, आणि तो त्यांना मिळावा असे मला मनापासून वाटते.

यातच पावसाचा विषय येतो, आणि तो नकाशावर दिसत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. जून ते सप्टेंबर ठाण्यात पाऊस कसा कोसळतो हे आपण जाणता. पत्र्याचे छत असलेल्या सभागृहात जोराची सर आली की संवाद पूर्ण बुडतात. नट थांबून उभे राहतात आणि प्रेक्षक वर पाहत बसतात. जुन्या वास्तूचे छप्पर दुरुस्त करताना कौले काढून सरळ पत्रा घालण्याचा मोह कंत्राटदाराला होतो, कारण तो स्वस्त आणि लवकर होणारा मार्ग आहे. नाट्यगृहासाठी तो घातक आहे. कौलांखाली फळ्यांचा थर, त्याखाली पोकळी आणि मग जड, भरीव छत अशी रचना पावसाचा आवाज अडवते. पाणी वाहून नेणारे पाइप प्रेक्षागृहाच्या भिंतीतून नेऊ नयेत. वातानुकूलनाची यंत्रे छतावर बसवायची तर त्यांचा थरथराट खाली उतरू नये अशी व्यवस्था हवी, आणि हवा मोठ्या नळातून संथ वेगाने यावी, कारण अरुंद नळातून जोराने येणारी हवा शिट्टीसारखी वाजते. आपल्या दमट हवेत मखमली पडद्यांना बुरशी धरते, लाकडी रंगमंच फुगतो, वाळवी लागते. रंगमंचाखाली हवा खेळती राहील अशी उंची ठेवली आणि फळ्या पक्क्या वाळवलेल्या लाकडाच्या बसवल्या, तर पुढची बरीच दुरुस्ती वाचेल. रंगमंचावर संगमरवर किंवा चकचकीत लाद्या मात्र कृपया कदापि बसवू नयेत. त्यांवर पाय घसरतो, खिळा ठोकता येत नाही आणि दिव्यांचा उजेड वर परततो.

आता मागच्या बाजूविषयी. नाटकाचा सेट टेम्पोतून येतो. आठ फूट उंचीचे फ्लॅट म्हणजे सेटच्या उभ्या भिंती, लेव्हल म्हणजे उंचवट्याचे चौथरे, दरवाज्यांच्या चौकटी, दिव्यांच्या पेट्या हे सगळे रस्त्यावरून रंगमंचावर नेण्यासाठी किमान आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच दार लागते, त्या दारापर्यंत टेम्पो पोहोचावा लागतो, आणि दारापासून रंगमंचापर्यंत एकही पायरी किंवा काटकोनी वळण नसावे लागते. सभागृह वरच्या मजल्यावर असेल, तर सामानासाठी स्वतंत्र, मोठी लिफ्ट हवी. माणसांच्या लिफ्टमध्ये आठ फुटांचा फ्लॅट शिरत नाही. अशी सोय नसल्यामुळे सेट कापून, तुकडे करून वर नेल्याचे आणि प्रयोगानंतर तो पुन्हा जोडण्याच्या लायकीचा न राहिल्याचे प्रसंग प्रत्येक हौशी संस्थेने पाहिले आहेत. विंगेत बारा फूट जागा का लागते, तर प्रवेश संपलेला सेट तेथे सरकवायचा असतो, पुढचा प्रवेश तेथे तयार ठेवायचा असतो आणि त्याच अंधारात नट कपडे बदलत असतात. रंगमंचाच्या एका विंगेतून दुसरीत प्रेक्षकांच्या नजरेस न पडता जाण्यासाठी मागच्या पडद्यामागे तीन फुटांची वाट राखावी. ती नसली की नटाला इमारतीबाहेरून, पावसाळ्यात छत्री घेऊन, फिरून यावे लागते.

रंगभूषेच्या खोल्या स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगळ्या, रंगमंचाच्याच पातळीवर आणि प्रत्येकीला लागून स्वच्छतागृह असलेल्या हव्यात. स्त्री कलावंतांना प्रेक्षकांच्या स्वच्छतागृहात रंग लावलेल्या चेहऱ्याने, नऊवारीत किंवा पात्राच्या वेशात जावे लागू नये, ही मागणी नवी नाही आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते याचे दुःख आहे. आरशांभोवती उजेड, कपडे टांगण्यासाठी दांडे, इस्त्रीसाठी जागा, कुलूप लागणारी कपाटे, पिण्याचे पाणी, आणि रंगमंचावर काय चालले आहे ते ऐकू येण्यासाठी एक लहान स्पीकर, एवढ्यात ती खोली पूर्ण होते. विजेच्या बाबतीत दिवे आणि ध्वनी यांच्या वाहिन्या वेगळ्या असाव्यात आणि ध्वनियंत्रणेला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. एकाच फेजवर दोन्ही जोडले की दिवे मंद करताना स्पीकरमधून घरघर येते. प्रकाश आणि ध्वनी चालवणाऱ्यांची जागा प्रेक्षागृहाच्या मागे, उघड्या खिडकीची असावी. बंद काचेआड बसून नाटकाचा आवाज सांभाळता येत नाही.

प्रेक्षकांच्या सोयींबद्दल फार लिहीत नाही, कारण तिकडे आपले लक्ष आपोआप जाईल. तीन गोष्टी मात्र सांगते. ठाण्याच्या नाट्यरसिकांत ज्येष्ठांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी पायऱ्या एकसारख्या उंचीच्या, कडेला मंद दिवे असलेल्या आणि हाताला कठडा असलेल्या हव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक वास्तू सर्वांना वापरता आली पाहिजे. त्यासाठी एकास बारा या प्रमाणाहून तीव्र नसलेला उतार हवा, आणि चाकाच्या खुर्चीची जागा शेवटच्या कोपऱ्यात न ठेवता इतर रांगांमध्येच, सोबतच्या माणसाशेजारी हवी. हाच उतार रंगमंचापर्यंतही न्यावा, कारण दिव्यांग माणूस प्रेक्षकच असेल असे आपण का धरून चालतो? तिसरी गोष्ट स्त्रियांच्या स्वच्छतागृहांची. अडीचशे प्रेक्षकांत सव्वाशे स्त्रिया धरल्या आणि त्यांतल्या चाळीस जणी मध्यंतरात गेल्या, प्रत्येकीला अडीच मिनिटे लागली, तर पंधरा मिनिटांत एका शौचकूपाचा उपयोग सहा जणींना होतो. म्हणजे सात शौचकूप हवेत. पुरुषांएवढीच जागा स्त्रियांना दिली की समानता साधली, असे आराखड्यात मानले जाते; मध्यंतरातली रांग आणि दुसऱ्या अंकाची हुकलेली सुरुवात पाहिली की ते किती अपुरे आहे ते कळते.

अग्निसुरक्षेवर कोणतीही तडजोड करू नये. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधून घेतले होते. संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, तेथे आग लागली आणि रंगमंच व छप्पर भस्मसात झाले. त्या रात्रीची दृश्ये पाहून महाराष्ट्रातला प्रत्येक रंगकर्मी हळहळला. सुदैवाने तेव्हा प्रयोग सुरू नव्हता. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी मात्र ५९ माणसे गेली, आणि बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या असणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. लाकूड, कापड, रंग आणि विजेच्या तारा हे सगळे नाट्यगृहात एकत्र असते, आणि जुन्या लाकडी छताच्या वास्तूत तर धोका वाढतोच. म्हणून पडद्यांवर अग्निरोधक प्रक्रिया, छताच्या पोकळीतही धुराची सूचना देणारी यंत्रणा, रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आग अडवणारी भिंत, आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी, आतून कधीही कुलूप न लागणारी दारे हवीत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर सहा महिन्यांनी द्यावयाचे प्रमाणपत्र नाट्यगृहाच्या दारावर सर्वांना दिसेल असे लावावे, म्हणजे ते वेळेवर घेतले गेले आहे की नाही हे प्रेक्षकच पाहतील.

वास्तू झाल्यावर ती चालवायची कशी, यावरही आताच विचार व्हावा. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून गिरणगावातल्या कामगारांच्या आणि कोकणातल्या लोककलावंतांच्या नाटकांचे घर होते. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा तेथे खेळ करणाऱ्या संस्थांना तेवढ्या भाड्यात दुसरी जागा मिळणे अवघड झाले. परवडणारे भाडे हा अशा वास्तूचा पायाच असतो. ठाण्याच्या या नाट्यगृहात लग्ने, वाढदिवस आणि कंपन्यांचे मेळावे होऊ नयेत, असा नियम पहिल्याच ठरावात असावा. सोमवार ते गुरुवार तालमींसाठी आणि रंगीत तालमीसाठी अल्प दरात जागा मिळावी. नव्या नाटकाची रंगीत तालीम प्रत्यक्ष रंगमंचावर न करताच पहिला प्रयोग लावावा लागतो, हे आज सर्रास घडते. राज्य नाट्य स्पर्धेची तयारी करणाऱ्या संस्था, एकांकिका करणारी महाविद्यालये आणि मे महिन्यात बालनाट्य शिबिरे घेणारी मंडळी यांना तारखा ठरवून राखून ठेवाव्यात. वर्षभराच्या तारखांचे वाटप सर्वांना पाहता येईल असे जाहीर करावे.

आपण या मागणीचा विचार करणार असाल, तर निविदा काढण्याच्या आधी एक काम करावे, अशी विनंती आहे. जतनतज्ज्ञ, ध्वनितज्ज्ञ, अग्निशमन अधिकारी यांच्यासोबत एक नेपथ्यकार, एक प्रकाशयोजनाकार आणि एक रंगमंच कामगार यांची समिती नेमावी आणि तिने जुन्या शहरातल्या चार-पाच सार्वजनिक वास्तू पाहाव्यात. त्यांतल्या ज्या दोन योग्य वाटतील तेथे प्रत्येकी एक एकांकिका, माईक न लावता, खुर्च्या मांडून, प्रत्यक्ष करून पाहावी. एक प्रयोग कोरड्या दिवसांत आणि एक भर पावसात. शेवटच्या रांगेत आपले अभियंते बसावेत. शब्द ऐकू येतो का, चेहरा दिसतो का, सेट आत नेता येतो का, हे तेव्हा आपोआप कळेल आणि त्यानंतर आखलेल्या नकाशात फारशा दुरुस्त्या कराव्या लागणार नाहीत. त्या दोन्ही प्रयोगांसाठी दिवे, स्टँड, दिवे मंद करणारे डिमर आणि तारा मी स्वखर्चाने आणीन, आणि माझ्या ओळखीच्या दोन संस्था विनामूल्य एकांकिका सादर करण्यास तयार आहेत. तारीख आणि जागा आपण कळवावी.

कळावे.

आपली विश्वासू,
एक प्रकाशयोजनाकार
नौपाडा, ठाणे